वाडीतून जाणारी वाट

आबा, मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण गेलेल्या माणसावर रागवू नये ही रीत आज मी पाळणार नाही. गेल्या मंगळवारी चंदनसारहून दोन बसगाड्या बदलून आगाशीला उतरले आणि चालत वाडीवर गेले. धाकट्याने बोलावलं होतं. पुढच्या महिन्यात तिथे खोदकाम सुरू होणार. मग केळी नाहीत, पानवेली नाहीत, रिसॉर्ट. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हे लोक पोहायला तलाव खणणार आहेत, आणि त्याचा नकाशा तुमच्या मुलाने मला बारशाचं आमंत्रण दाखवावं तसा कौतुकाने दाखवला. किनाऱ्यावर अजून सामसूम होती. काठ्यांवर बोंबील वाळत होते, सुरूच्या झाडांखाली चिटपाखरू नव्हतं. दोन वर्षांनी इथे शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळणार नाही, हे मला कळत होतं, आणि तरी मी "छान आहे" म्हणाले.

नकाशात वाट नव्हती. डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन कोळिणी किनाऱ्यावरून बाजारात जायच्या ती, आपल्या विहिरीशेजारची. नारळी पौर्णिमेच्या आधी, त्यांची मासेमारी सुरू व्हायच्या आत, तिथलं पावसात माजलेलं गवत तुम्ही स्वतः विळ्याने कापायचात, गड्याला सांगायचा नाहीत. मी बारा वर्षांची असताना माझ्या मोगऱ्यावर कुणाचा तरी पाय पडला, म्हणून मी कुंपणात वाटेसाठी ठेवलेल्या फटीत काटेरी फांद्या कोंबल्या. तुम्ही त्या उघड्या हातांनी ओढून काढता आहात, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आई भाकरी थापते आहे आणि मध्ये पडत नाही. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "वाट आपली नाही, आपल्या वाडीतून जाते एवढंच," म्हणालात आणि हात धुऊन जेवायला बसलात. त्या दिवशी वाटलं, माझ्या बापासारखा माणूस नाही. आज वाटतं, एवढं कळत होतं तर ते कागदावर का नाही आणलंत? तलाठ्याकडे जायला असा कितीसा वेळ लागला असता? शब्दावर सगळं चालतं असं समजून तुम्ही निवांत गेलात आणि निस्तरायला आम्हाला ठेवलंत.

ती फट आता पत्रा ठोकून बंद केली आहे. फाटकाशी एक कोळीण माझ्यासाठी थांबली होती. तिची आई जाता-जाता माझ्या हातावर मूठभर जवळा ठेवायची. आता हिचेही गुडघे गेलेत, आणि पाटी घेऊन सगळ्या गावाला वळसा घालून जावं लागतं. कोळिणींनी मिळून तहसीलदाराकडे तक्रार केली आहे, पण वाडीतल्या घरचं कुणीतरी बोलायला हवं. "बाय, आमी सांगितलं तं कोन ऐकतं?" ती म्हणाली. "तू मास्तरीन. तुज्या बापसानं वाट सोडलेली, येवढंच लिवून दे." तीस वर्षं वर्गात पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी, आणि तिला काय म्हणाले? बघते.

घरात धाकट्याने चहाबरोबर एक कागद पुढे केला. या वाडीतून पूर्वापार कधीही वाट नव्हती, असं घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. वडीलधारी म्हणजे आता मीच. वकिलाचा माणूस शिक्का घेऊन ओसरीवर बसलेलाच होता. मी धाकट्याला वाटेल ते बोलले. याच बायकांचं बोट धरून तू जत्रेला जायचास, लाज वाटत नाही का, असंही विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "ताई, मला तरी तुझ्याशिवाय कोण आहे? पण तू त्यांच्या बाजूने उभी राहिलीस, तर इथे परत कुठल्या तोंडाने येशील?" आई नाही, तुम्ही नाही. माहेर म्हणून उरलाय तो एकटा, आणि हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. इतका वेळ तुमच्यावर राग काढला, कारण सही मी केली. कागदावर लग्नाआधीचं नावही पूर्ण लिहायला लावलं. त्यामुळे त्या खोट्याखाली, माझ्या नावाला लागून, तुमचं नाव आहे.