पाडव्याची पहिली नाडी

माय,

आज पाडवा. दवाखान्याचं शटर मीच वर केलं, बाकडं मीच पुसलं. निवडणूक हरल्यापासून कार्यकर्ते दुसऱ्याच्या दारात बसतात, त्यांचा राग नाही. अकरा वाजून गेले तरी कुणी आलेलं नाही. लोणारात मला न ओळखणारं माणूस नाही, पण दुखलंखुपलं की लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. दहा वर्षं आमदारकी केली, तोवर त्यांनी काय आजार अंगावर काढायचे होते? पण फार एकटं वाटतं गं.

पाडव्याची रीत तूच घातलीस. दवाखाना उघडला त्या पाडव्याला दुपारपर्यंत एक पेशंट नव्हता. तू सुलतानपूरहून एसटीनं आलीस, साखरेची गाठी खिळ्याला अडकवलीस आणि बाकड्यावर बसून मनगट पुढं केलंस. मी विचारलं, "काय होऊन राह्यलं?"

"मले काय होते? भवानी कर. दुकानदार करते, मंग तू काऊन नाही?"

मी हसत बोटं ठेवली, तर दटावलंस. "हासू नको. आंधी माह्या तोंडाकडं पाह्य, मंग हात धर." त्यानंतर दर पाडव्याला पहिली नाडी तुझीच. बाकीचे पेशंट थांबायचे, तुला त्याचा कोण अभिमान.

मग मी निवडून आलो. या खोलीवर संपर्क कार्यालयाची पाटी लागली, बाकड्यावर अर्ज घेतलेली माणसं बसू लागली. पहिल्याच पाडव्याला बाहेर मंत्र्यांची गाडी माझ्यासाठी थांबलेली, भूमिपूजनाला निघायचं होतं. गळ्यात हार, दोन्ही बाजूंनी पुढं आलेले हात. पाच महिन्यांत मी एवढं शिकलो होतो की समोरचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, "करतो, नक्की करतो" म्हणायचं आणि नजर पुढच्यावर ठेवायची. त्या रांगेत एक हात उलटा होता, मनगट वर केलेला. माझी बोटं सवयीनं नाडीवर गेली. मी "नक्की करतो" म्हणालो, पुढं सरकलो आणि रांग संपल्यावर गाडीत बसलो.

संध्याकाळी तुझा फोन आला. हसत होतीस. "मले बी म्हने, नक्की करतो. मोठा झाला रे तू." आपल्या आईला आपण ओळखलं नाही, याची लाज गिळत होतो. तू विचारलंस, "मंग, कशी होती नाडी?"

"चांगली होती," मी म्हणालो. सोमवारी घरी येऊन नीट तपासतो, असंही म्हणालो. सोमवारी मुंबईला बैठक निघाली. बुधवारी तू गेलीस.

हे पत्र टेबलाच्या खणात, बीपीच्या जुन्या यंत्राखाली ठेवणार आहे. तिकडं कुणी हात घालत नाही.

घरात सगळ्यांना सांगितलं की गर्दीत मला काहीच कळलं नाही. हात तुझा आहे हे कळलं नव्हतं, ते खरं. पण ठोका मधेच चुकत होता, ते माझ्या बोटांना तिथंच कळलं होतं, माय. कुणाचा तरी चुकतोय, एवढंच वाटलं, आणि मी पुढच्याचा हात धरला.