तानू वन्संच्या खुणा

बोरगाव, ता. वाळवा
१८ जानेवारी १९७४

राहीच्या बाबांना अंजनाचा नमस्कार.

इकडे आत्याबाई, मी आणि राही बऱ्या आहोत. तिकडे बर्फ पडतो असं लिहिलंत, तर जपून राहा. उसाच्या खोडव्याला पाणी दिलं. गाय आटली. राही आता घरभर चालते. बोलत अजून नाही, पण काळजी करू नका. का ते पुढं लिहिते.

तानू वन्सं आटपाडीला गेल्यापासून घर फार गप्प झालं आहे. जन्मापासून ऐकू न येणारी तुमची बहीण गेली आणि घर गप्प झालं, हे वाचून तुम्ही हसाल. पण आत्याबाईंचं बोलणं कामापुरतं, तुम्ही वर्षातून एकदा येणार. माझं खरं बोलणं वन्संशीच होतं, हातांनी. राहीला त्यांनी पाळण्यात असल्यापासून शिकवलं. दूध हवं तर धार काढल्यासारखी मूठ उघडायची, मिटायची. दुखेल तिथं दोन बोटांचा चिमटा. आणि वन्सं म्हणजे हनुवटीला बोट, त्यांचं गोंदण आहे तिथं. राहीनं पहिल्यांदा मूठ हलवून दूध मागितलं, तेव्हा वन्संनी मला चुलीपासून ओढत नेलं होतं बघायला.

दिवाळीच्या रजेत तुम्ही त्यांना आटपाडीला मामांकडे पोचवून आलात. मामींना हाताखाली माणूस हवंय, असं मला सांगितलंत. तेव्हापासून राही दाराकडं बघते आणि हनुवटीला बोट लावते. मी नुसती मान हलवते.

संक्रांतीच्या आधी तिला ताप भरला. रडायची थांबेना. आत्याबाईंनी दृष्ट काढली, पोट शेकलं. मग राहीनंच कानापाशी चिमटा केला. मी तशीच तिला इस्लामपूरला नेलं. डॉक्टरांनी कानातून फुगलेला हरभरा काढला. मागून टाळी वाजवली तर राही लगेच वळली. "ऐकू चांगलं येतंय, बोलेल सावकाश," म्हणाले.

हे ऐकून आत्याबाईंनी राहीला मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "मलाच भ्या वाटलं व्हतं गं. हातवारं बघून बघून लेकरू मुकं ऱ्हाईल म्हणून. मीच माझ्या लेकाला सांगितलं, तानूला न्हेऊन सोड." ट्रंकेतलं नवं लुगडं काढून माझ्या हातात दिलं. "जा, घिऊन ये तिला."

मी राहीला घेऊन आटपाडीला गेले. वन्सं गोठ्यात शेण भरत होत्या. राहीनं लांबूनच हनुवटीला बोट लावलं. वन्सं धावत आल्या, तिला छातीशी धरलं. राहीनं मूठ उघडली, मिटली. तशी वन्संनी तिची दोन्ही मनगटं धरून हात खाली दाबले. नको म्हणून मान हलवली. राही रडली, वन्संही रडल्या, पण मनगटं सोडली नाहीत.

हे काय, म्हणून मी मामींना विचारलं.

"आगं, तुझ्या मालकानंच जाताना तिचं हात असं धरलं. पोरीची खूण केली, तोंडावर हात ठिवला, नि तानूकडं बोट केलं. तवापास्नं ती कुणाशीच हात हलवत न्हाई. भाकरी मागायला सुदिक."

मला हे ठाऊक नव्हतं.

मी वन्संना खूप सांगितलं. तापाचं, हरभऱ्याचं, आत्याबाईंचं. थोडा वेळ त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. त्यांनी डोळे मिटले की त्यांच्याशी बोलायला काही उरत नाही.

लुगडं त्यांच्या उशाशी ठेवून आम्ही दोघी परत आलो. विट्यापर्यंत राही हनुवटीला बोट लावत होती.

माझं त्या ऐकणार नाहीत. तुम्ही रजा मागा. आधी घरी येऊ नका, सरळ आटपाडीला उतरा. लहानपणी तुम्ही बहीणभाऊ हातांनीच भांडत होता म्हणे. ते सगळं काही विसरला नसाल. तोंडानं बोललेलं वन्संना पोचणार नाही.

मी रागावले का, असं तुम्ही विचाराल. इथं ते न विचारता ओळखणारं एकच माणूस होतं.

तुमच्याआधी वन्संची वाट बघणारी,
अंजना