कोबाल्टचा भाऊ, लोखंडाचा भाऊ

कुरुंदा, रविवार संध्याकाळ, डिसेंबर २००८

हे गेल्यावर यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले धाकटे भाऊजी आज पुण्याला परत गेले. निघताना यांचा मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, मधूनमधून चार्ज करत जा. पूर्ण उतरू दिली की बॅटरी मरती."

यांचं नेमकं उलट. आधीच्या फोनची बॅटरी निकेलची होती, ती पूर्ण उतरवूनच चार्ज करायची. हा फोन लिथियमचा आला, तरी सवय गेली नाही. जन्मभर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त केलेला माणूस कुणाचं ऐकणार?

मागच्या दिवाळीत ओट्यावर दोघा भावांची जुंपली होती. भाऊजी बॅटरीच्या कारखान्यात.

"दादा, काहून फोन बंद पडू देऊन राहिला? लिथियममधीबी जाती हायेत. फोनात कोबाल्टची, हलकी, पण लवकर तापती. लोखंड-फॉस्फेटवाली जड, पण लई टिकती. उद्या गाड्या तिच्यावर चालतील."

"मंग तू कोबाल्टचा अन् मी लोखंडाचा," हे म्हणाले. भाऊजी खरंच तापले. मी आत पोळ्या लाटताना हसत होते.

लोखंडाचा म्हणे.

हट्टा गावची गिऱ्हाइकं अजून या फोनवर यांनाच विचारतात. बॅटरी गेली तर तेही थांबेल.

आत्ता फोनवर बॅटरीची एकच काडी उरली आहे. मी चार्जर लावायला उठले होते. भाऊजींचं बरोबरच असणार. पण यांनी हा फोन एकदाही अर्धवट चार्ज केला नाही. चार्जर परत खिळ्याला अडकवला.

ही काडी जाऊ दे. मग लावीन.