यंदाचे प्लेऑफ शांत डोक्याने

१ जून, रविवार. दुपारी ४.

आज बास्केटबॉल फायनलचा पहिला सामना. एकूण सात, चार जिंकेल तो चॅम्पियन. आमचे निळे विरुद्ध ते पिवळे.

संकल्प: यंदा ओरडणार नाही. शिवी नाही. काही फेकणार नाही. मी मुळात शांत माणूस आहे, मॅच बघताना जरा आवाज होतो इतकंच. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली, त्याचा याच्याशी संबंध नाही.

टीमबद्दल मत, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. आमचा सेंटर, ज्याला मी उंट म्हणतो, सात फूट एक इंच, रिंगखाली येईल तो बॉल त्याचाच. तोच जिंकून देणार. पॉइंट गार्ड, ज्याला मी आजोबा म्हणतो, वय अडतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्याला बेंचवर बसवा. खरं तर घरी बसवा. कोच मठ्ठ आहे. पिवळ्यांकडे दोन शूटर आहेत, बाकी नुसती भरती.

मुलगी म्हणाली, बाबा, सगळ्यात जास्त बास्केट आजोबांच्याच पासवर होतात. पंधरा वर्षांची आहे. समजेल हळूहळू.

७.३०. हरलो. चौदा पॉइंटांनी. स्टुलाचा पाय मोडला. ते स्टूल आधीपासूनच डुगडुगत होतं.

३ जून, मंगळवार.

जिंकलो. पूर्ण मॅच हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. शेवटच्या मिनिटाला उंटाने वरून बॉल कोंबला तेव्हा हात आपोआप सुटले आणि कपाटाच्या दाराला भोक पडलं. पण हा आनंदाचा ठोसा होता, संकल्पात तो येत नाही. बायकोने भोकावर कॅलेंडर टांगलं. तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, त्यामुळे घरात चर्चेला माणूस नाही.

६ जून, शुक्रवार.

हरलो. आजोबाचे दोन फ्री थ्रो हुकले. उशी फाडली. उशी म्हणजे फेकणं नव्हे.

७ जून, शनिवार. लॅब, जेवणाची सुट्टी.

आमची लॅब कवळ्या बनवते. माझ्याकडे प्लास्टरचे साचे, शेजारच्या टेबलावर मेणकाम करणारा. मी त्याला मेण्या म्हणतो. गेली सहा वर्षं आमचं उत्तम जमतं. मेण्या पिवळ्यांचा निघाला. सकाळी येऊन म्हणाला, तुमचा उंट चौथ्या क्वार्टरमध्ये धापा टाकतो.

मी शांतपणे समजावलं. तो हसला. माझ्या हातात त्या वेळी एका रिटायर्ड हेडमास्तरांचा खालचा जबडा होता. तो मेण्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. नेम धरला असता तर लागला असता, म्हणजे नेम धरला नव्हता हे उघड आहे. हे मी लॅबच्या मालकीण मॅडमनाही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हेडमास्तरांना तुम्ही स्वतः फोन करा आणि सांगा की अजून दहा दिवस मऊ खा.

केला. त्यांना काय बोलायचं होतं ते दातांशिवाय नीट कळलं नाही. सूर चांगला नव्हता.

८ जून, रविवार. संध्याकाळी ८.

चौथा सामना जिंकलो. दोन-दोन. मॅच उत्तम.

मेव्हणा खाली आला होता मॅच बघायला. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवतो. आपल्याच टीमचा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोचने आजोबाला आत ठेवलं. मी म्हटलं, हा कोच विकला गेलाय. मेव्हणा म्हणाला, भावोजी, तुम्हाला गेम कळत नाही, तुम्हाला फक्त उंची कळते.

हे माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून.

त्याचा वरचा डावा पुढचा दात तुटला, मुळाजवळून. चीर स्वच्छ होती, व्यवसायाचा माणूस म्हणून सांगतो. मी लगेच म्हटलं, कॅप मीच बनवून देतो, रंग हुबेहूब जुळेल. त्याने रुमाल तोंडाला धरला होता, त्यामुळे त्याचं उत्तर मला कळलं नाही. मुलीला कळलं असावं. ती त्याच्याबरोबर वर निघून गेली.

९ जून, सोमवार.

त्या दाताशिवाय ट्रम्पेटला ओठ बसत नाही म्हणे. तीन आठवडे काम बंद. बायको म्हणाली, उरलेल्या मॅच या घरात लागणार नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे. माझा स्वतःवर पूर्ण ताबा आहे, मी व्यसनी नाही.

११ जून, बुधवार.

शब्द पाळला. घरी टीव्ही लावला नाही. फिरायला गेलो. चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या काचेत नऊ टीव्ही लावलेले होते, त्याला माझा इलाज नाही. नऊच्या नऊ टीव्हींवर आम्ही हरत होतो. शेजारी पिवळा टी-शर्ट घातलेला एक आडदांड माणूस टाळ्या वाजवत होता. मी त्याला बाजूला हो म्हटलं. तो झाला नाही. मग हातघाईवर आलो.

मी त्याला बरंच मारलं. मुख्यतः नाकाने. दुकानदाराने मला उचलून रिक्षात घातलं. दोन-तीन असे मागे पडलोय. नाकाचं हाड सरकलंय, श्वास तोंडाने. बायकोने बर्फ दिला. कुठे पडलास, हेही विचारलं नाही.

१४ जून, शनिवार. रात्री ९.

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या त्याला भलतं रूप येईल.

बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती. मी फक्त स्कोअर बघायला टीव्ही लावला. शेवटची चार मिनिटं, आम्ही दोनने मागे, आजोबा फ्री थ्रो लाइनवर. पहिला हुकला. मी रिमोट फेकला. माणसाकडे नाही, भिंतीकडे. भिंतीवर आपटून तो दाराकडे वळला, आणि त्याच वेळी ती कपड्यांची बादली घेऊन आत आली.

भुवईवर तीन टाके. डोळा वाचला. मुलगी टॉवेल दाबून धरून होती, मी हात लावायला गेलो तर माझा हात तिने बाजूला केला. दवाखान्यात नर्सने विचारलं, कसं लागलं. बायको म्हणाली, रिमोटने. नर्सने माझ्याकडे आणि माझ्या नाकाकडे पाहिलं. मी रिमोटचा कोन समजावून सांगितला. मग, विषय बदलावा म्हणून, विचारलं की मॅचचं काय झालं.

निळे जिंकले. तीन-तीन.

तिथून त्या दोघी परस्पर मेव्हण्याकडे गेल्या. मुलगी नंतर खाली येऊन कपडे घेऊन गेली. मी म्हटलं, हा अपघात होता. ती म्हणाली, स्टूल पण, बाबा?

१५ जून, रविवार.

दोन दिवसांत राग उतरेल बायकोचा.

१७ जून, मंगळवार. संध्याकाळी ७.२०.

सातवा सामना. एकटाच बघितला. पूर्ण मॅच एक शब्द बोललो नाही, काही फोडलं नाही. हे बघायला घरात कोणी नव्हतं हे दुर्दैव.

एक पॉइंट मागे, सहा सेकंद. बॉल आजोबाकडे. सगळे समजले, हा उंटाला पास देणार. त्याने तसं दाखवलं, दोन पिवळे तिकडे धावले, हा एक पाऊल मागे सरकला आणि पट्टे बांधलेल्या गुडघ्यांवर उडी मारली. बॉल आत. चॅम्पियन. मी पहिल्यापासून म्हणत होतो, अनुभव तो अनुभव.

एवढ्यात वरून छत हादरलं. नाचण्याचा आवाज. तिघांचा.

जिने चढून गेलो. हात मिळवायचा, सगळं मिटवायचं, चांगला मुहूर्त होता. दाराशी पोचलो तर आतून बायकोचा आवाज. ती सांगत होती की तो पास देणार नाही हे तिला आधीच माहीत होतं, जानेवारीपासून तो उजव्या पायावर जोर देऊन मागे सरकतो, आणि ज्यांना हे दिसत नाही ते नुसते ओरडतात. मेव्हणा हसताना दाताच्या फटीतून शिट्टी येत होती. मुलगी म्हणाली, आई, परत दाखव ती स्टेप. आत पाय आपटले, पुन्हा हसणं.

सतरा वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एका मॅचबद्दल बोलली नाही.

बेल वाजवली. आतला आवाज बंद झाला. टीव्हीपण. मुलीने साखळी न काढता दार किलकिलं केलं. मी म्हटलं, जिंकलो. ती म्हणाली, हो, कळलं. मी विचारलं, आई? ती म्हणाली, झोपलीय. तिच्या मागे सोफ्याखाली आईच्या चपला दिसत होत्या, आणि चपलांत पाय होते.

बरं, म्हटलं. तिने दार हळूच लावलं. आपटलं नाही.

खाली येऊन हे लिहितोय. वर टीव्ही पुन्हा सुरू झालाय. हायलाइट्स असतील.