वीस बायका, चाळिशीच्या पुढच्या

८ एप्रिल १९९६, सोमवार

अलिबागच्या डॉक्टरीणबाई आमच्या पापड मंडळात यायला तयार! बीपी, साखर, छाती – सगळं तपासणार, वर खाणंपिणं शिकवणार. अट एकच. चाळिशीच्या पुढच्या वीस बायका हव्यात, नाव-वय लिहून. आमच्या रामवाडीत चाळिशीच्या बायकांना काय तोटा?

आणि त्या यायलाच हव्यात. होळीला अंघोळ करताना छातीत डावीकडे गाठ हाताला लागली. ह्यांना सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. एकटी अलिबागला निघाले तर शंभर प्रश्न! फार भीती वाटते.

९ एप्रिल

मंडळाच्या फळ्यावर लिहिलं. संध्याकाळपर्यंत नावं – शून्य.

१० एप्रिल

रामवाडीत चाळिशीच्या पुढची एकही बाई नाही! धोंडुबाई अडतीस. तिचा प्रवीण एसटीत कंडक्टर, त्याला दोन पोरं. बायजाबाईचे सगळे दात पडले, ती म्हणते, "माजा जल्म कोनी लिवलाच नाय, तर मी कशाला लिवू?" शेजारची काशीबाई छत्तीसवर अडून बसली. अगं, आपण एका वर्गात होतो! दोघींना सत्तेचाळीस चालू आहे. पण बोलणार कोणत्या तोंडाने? मंडळाच्या वहीत मीही एकोणचाळीसच आहे. सात वर्षं झाली.

१२ एप्रिल

फळा पुसला. नवीन लिहिलं – 'पापड लाटून कंबर धरलेल्या बायकांसाठी.' तासाभरात एकतीस नावं! वयाच्या रकान्यात सगळ्यांपुढे मीच 'चाळीस पूर्ण' लिहून टाकलं. खोटं बोलावं तर सरसकट.

काशीबाईचं नाव तेवढं नाही. "माजी कंबर शाबूत हाय."

१५ एप्रिल

राहवलं नाही. काशीबाईला गाठीचं सांगितलं. तिने हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "लिव माजा पन नाव. तुज्यासंगती येतंय गो."

१८ एप्रिल

शिबिर झालं! डॉक्टरीणबाई तासभर बोलल्या. तेल कमी, मीठ कमी, रोज अर्धा तास चाला. बायकांनी माना डोलावल्या आणि तळलेल्या पापडांची परात त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चार खाल्ले!

चालण्यावर धोंडुबाई म्हणाली, "निस्ता चालायचा? कामाबिगर? कोनी इचारला कुठं चाललीस, तर काय सांगू?" बायजाबाईचं बीपी दोनशे निघालं, तर म्हणे पट्टाच घट्ट बांधला.

छाती तपासायला कोपऱ्यात साडीचा पडदा बांधला होता. माझा नंबर आला. मागच्या मागे पळणार होते. तेवढ्यात काशीबाई मला बाजूला सारून आत शिरली. बराच वेळ लागला. बाहेर आली ती हसतच. "काय करत नाय गो ती. गुदगुल्या व्हतात नुसत्या. जा तू."

गेले. साधी चरबीची गाठ! घाबरायचं कारण नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हणाल्या. काशीबाईच्या गळ्यात पडून रडले. मग दोघींनी पाव किलो पेढे संपवले.

२१ एप्रिल, रविवार

उद्या पहिल्या एसटीने काशीबाईला अलिबागला नेते आहे. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तिने आज दाखवली, अठरा तारखेची. गाठ तिलाही आहे, काखेपर्यंत गेलेली. त्यांनी पडद्याआडच तिला सगळं सांगितलं होतं. आणि ही हसत बाहेर आली – मी आत जावं म्हणून.