जीप मागे सरकत नव्हती

जव्हार,
९ मे २००४

ती. तुळशीदासमामांना निशाचा वाकून नमस्कार. (मामींना वेगळा नमस्कार. त्यांचा ह्यात काहीच दोष नाही.)

तुमची कंबर कशी आहे? मामींचं लोणचं मुरलं का? इकडे आम्ही बरे आहोत. बाबांना अजून काही कळलेलं नाही, त्यामुळे तेही बरे आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मधेच ओरडता आणि माझा पॉइंट राहून जातो. पत्र वाचताना ओरडलात तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून पत्र.

मुद्दा एकच. रोहिदासकाकांची जीप मागे सरकत नव्हती. मोखाड्याचा अख्खा बाजार काहीही म्हणू दे, मी माझं वाक्य बदलणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, त्यांच्या जीपला मागच्या फळीवर बसलं की आपलं तोंड मागच्या रस्त्याकडे. जव्हारपासून रस्ता, झाडं, म्हशी, सगळं आपल्यापासून लांब पळत असतं. मग आंब्याच्या फाट्यावर, त्या चढाला, जीप थांबली रे थांबली की मागचे सगळे "रोहिदास, सरकली रं!" म्हणून ओरडतात आणि धडाधड उड्या टाकतात. काका बिचारे उतरून चाकामागे दगड लावतात (त्यांचा ठरलेला आहे, काळा, तिकोनी, सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवतात), तरी लोक म्हणतात दगडासकट सरकली! मागच्या महिन्यात फागीआजीने भर बाजारात सांगून टाकलं, "त्याचे गाडीला बिरेक नाय, निस्ता हॉर्न हाय." तेव्हापासून मागची फळी रिकामी, फक्त बाजारच्या दिवशी दुसरी गाडी नसते म्हणून लोक नाइलाजाने चढतात. काका गाडी विकून ठाण्याला दुसऱ्याचा टेम्पो चालवायला जाणार म्हणे. ज्या माणसाने माझा बोर्डाचा एकही पेपर चुकू दिला नाही, तो एका खोट्या हालचालीपायी गाव सोडणार? मला सहनच झालं नाही.

म्हणून तुमचा कॉम्प्युटर मागून आणला. (प्रोजेक्टसाठी म्हटलं होतं. हा प्रोजेक्टच आहे.) लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माघ्याभाऊचा कॅमेरा घेऊन मागच्या फळीवरून सगळा रस्ता शूट केला, त्यातले फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे बारीक केले आणि न्यूरल नेटवर्कला दाखवत बसले. न्यूरल नेटवर्क म्हणजे आपल्या ब्रेनची नक्कल. ग्रामसभा समजा ना. एक पार्टी ओरडते "लांब चाललंय", दुसरी ओरडते "जवळ येतंय". एरवी दोघांचा आवाज सारखा. पण जीपमध्ये तासभर पहिली पार्टी एकटीच ओरडत असते. तिचा घसा बसतो. जीप थांबते, आणि आता दुसरीचाच आवाज मोठा! मग रस्ता अंगावर येतोय असं वाटतं, म्हणजे जीप मागे चाललीय असं वाटतं. मी नेटवर्कमधल्या पेशींना असंच थकायला शिकवलं, आणि मामा, जीप थांबल्याचा फोटो दाखवल्यावर नेटवर्कही फसलं! पूर्ण नऊ पायऱ्या (एक पायरी म्हणजे एक सेकंद) ते म्हणत होतं, मागे चाललोय. त्याला उडी मारता येत नाही एवढाच फरक. (गंमत म्हणून तुमचा सत्काराचा फोटो दाखवला. ते म्हणालं, मामा लांब चाललेत. बिचाऱ्याने जन्मात जीपच पाहिलीय.)

मग मागच्या बाजारच्या दिवशी मी फाट्यावर प्रूफच दिलं. जीप थांबताक्षणी खाली उतरले आणि चाकाला लागून रस्त्यावर खडूची रेघ मारली. मागचे ओरडले, उड्या पडल्या. रेघ जिथल्या तिथे, चाक जिथल्या तिथे! मी फागीआजीला हाताला धरून दाखवलं. तर आजी म्हणते, "खडू खोटा बोलंल पोरी, माझं डोळं नाय." पण एक गृहस्थ मांडीवर कोंबडा घेऊन बसले होते. वाटभर त्याच्याकडेच बघत होते, टोचेल म्हणून. त्यांना काहीच जाणवलं नाही. मग पुढच्या फेरीला मी तो कोंबडा सगळ्यांच्या समोर धरून बसले, त्याच्याचकडे बघायला लावलं, आणि फाट्यावर एकसुद्धा उडी पडली नाही. आजी म्हणाली, "गाडी सुधरली." चालेल! दुसऱ्या दिवशी फळी भरली. काका हसले, महिन्यात पहिल्यांदा.

तेव्हा लोक काय सांगतात ते ऐकू नका. सायन्स आपल्या बाजूने आहे. मामींना आणि कंबरेला सांभाळा.

तुमची (अजूनही बरोबर असलेली),
निशा

ता. क. काल तुमचा मॉनिटर परत द्यायला ह्याच जीपने निघाले होते. फाट्यावर मागचे ओरडले, उड्या पडल्या. मी हलले नाही. मॉनिटर मांडीवर घेऊन मी त्यांना वरूनच समजावत होते की हे फक्त नऊ सेकंद वाटेल. पाचव्या सेकंदाला आम्ही, म्हणजे मी, मॉनिटर आणि जीप, चरात होतो. ह्या वेळेला ती खरंच सरकली. पण म्हणून आधीच्या वेळा खोट्या होत नाहीत!

दुसरा ता. क. दगड का नव्हता, असं तुम्ही विचारणारच. आता गरज नाही म्हणून त्या कोंबड्याच्या दिवशी मीच तो काळा दगड सगळ्यांसमोर दरीत फेकला होता. टाळ्याही पडल्या होत्या. आज सकाळपासून तीन दगड नेऊन दाखवले, काका म्हणतात, "ह्यो माझा नाय," आणि मनासारखा दगड मिळेपर्यंत चढावर गाडी घालणार नाहीत. मामींचा धुण्याचा दगड मला आठवतो, अगदी तसाच तिकोनी आहे. मामी माहेरी गेल्या की तेवढा यष्टीने पाठवा ना. एका माणसाची फळी त्यावर आहे.

तिसरा ता. क. मॉनिटर ह्याच पत्राबरोबर कंडक्टरकडे दिलाय. चालू केल्यावर अक्षरं वर वर सरकताना दिसली तर आधी नऊ सेकंद कोंबड्याकडे बघा. तरीही सरकत राहिली, तर मामा, ती खरंच सरकतायत.