मुलींनी डार्करूममध्ये जाऊ नये

भडगाव,
५ जानेवारी १९८८

ती. मंजुळाआत्यास,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

तू पाठवलेला स्वेटर बाह्यांत आखूड होतोय, पण गिरणा नदीवरून वारा असा येतोय की आई तो अंगातून काढू देत नाही. घरी सगळे खुशाल. मी मात्र रागाने फणफणले आहे, आणि इथे ऐकून घेणारं कुणी नाही म्हणून तुला लिहितेय.

पुढच्या महिन्यात आमचं बारावीचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल. परीक्षेत चिठ्ठ्या टाकतात. जी उचलली तो प्रयोग. त्यातला स्पेक्ट्रोमीटरचा, प्रिझममधून प्रकाश किती वळतो ते मोजायचा प्रयोग अंधारात करावा लागतो, म्हणून लॅबच्या मागे डार्करूम आहे. आणि फिजिक्सच्या सरांचा नियम असा की मुलींनी डार्करूममध्ये जाऊ नये. बरं दिसत नाही म्हणे! सायन्सला आम्ही चौघीच. मुलं आत जाणार, आम्ही बाहेर बाकावर बसायचं, आणि मग वर्गातल्या तोतारामने बाहेर येऊन आम्हाला रीडिंग सांगायचं. सांगतो तेही खिशात हात घालून, जसा काही दान वाटतोय. आम्ही ते जर्नलमध्ये उतरवतो आणि सर खाली सही करतात.

मी सरांना विचारलं की परीक्षेत मला हीच चिठ्ठी आली तर काय करू. तेव्हाचं तेव्हा बघू, असं म्हणाले. इंजिनिअरिंगचा प्रवेश एकेका मार्कासाठी अडतो आत्या, आणि यांचं तेव्हाचं तेव्हा! आबांना सांगितलं तर ते म्हणतात, आपल्या वस्तीतून सायन्सला गेलेली तू पहिली मुलगी, उगाच कुणाच्या डोळ्यावर येऊ नको.

तुझा लोभ आहेच. आता थोडा रागही माझ्या बाजूने कर.

तुझी,
विशाखा


धुळे,
९ जानेवारी १९८८

चि. यादवास,
अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या लेकीचं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि हातातला ट्रे आपटला. आमच्या दवाखान्यात एक्सरेच्या फिल्म धुवायला डार्करूम आहे. तिथे मी आणि चुडामण टेक्निशियन वर्षानुवर्षं शेजारी उभे राहून काम करतो. आजवर फिल्मखेरीज तिथे काही काळं झालेलं नाही. त्या सरांना मुलींची एवढी काळजी असेल तर त्यांनी मुलांना बाहेर बसवावं आणि मुलींना आत पाठवावं. हे का नाही सुचलं त्यांना?

तू लहानपणापासून असाच. कुणी तुझी पाटी हिसकावली तरी घरी येऊन सांगायचास की मीच दिली. पाटीचं चालून गेलं रे, ही पोटची पोर आहे. तिच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तुमच्या पंचायत समितीचे सभापती आहेत आणि तू तिथे शिपाई, हे मी विसरलेले नाही. तरी प्राचार्यांकडे जा. हात जोडायचे तर जोड, पण विचार.

माझ्या भावजयीला, कलाबाईला सांग, संक्रांतीला यायला जमणार नाही. तुझ्याशी गोड बोलायचं ते तू जाऊन आल्यावर बोलेन.

तुझी,
अक्का


भडगाव,
१८ जानेवारी १९८८

ती. अक्कास,
यादवचा सविनय जयभीम. वि. वि.

गेलो होतो. प्राचार्यसाहेब चांगलं बोलले, बसायला खुर्चीही दिली. मुलींच्या घरची एखादी बाई आत बसणार असेल तर आमची हरकत नाही, असं म्हणाले. मला ते पटलं. तुला पटणार नाही, ते माहीत आहे.

काल रविवारी कलाबाई धुतलेलं लुगडं नेसून विशाखाबरोबर गेली. सरांना किल्ली सापडेना. शेवटी दार उघडलं तर आत मैदान आखायचा चुना, फाटके तंबू आणि मोडकी बाकं. स्पेक्ट्रोमीटर पेटीत होता, पण प्रिझम नव्हता आणि प्रयोगाला लागणारा पिवळा दिवाही नव्हता. आठे ते काहीच नई शे, मंग पोरे काय देखतस, असं कलाबाईने सरांना तोंडावर विचारलं. सरांनी दार पुन्हा ओढून घेतलं. आज तोतारामने विशाखाकडे कबूल केलं की मुलं आत फक्त गप्पा मारत बसतात आणि रीडिंग त्याच्या मोठ्या भावाकडून आलेलं आहे. भावाने कुणाकडून घेतलं कोण जाणे.

परीक्षेपुरतं सामान दुसऱ्या शाळेतून आणू, तोवर बाहेर वाच्यता नको, असं प्राचार्यांनी सांगितलं. मी बरं म्हणालो. अक्का, रागावू नको. मला इथेच नोकरी करायची आहे. जमल्यास माझ्यावर पहिल्यासारखीच माया ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
यादव


धुळे,
२२ जानेवारी १९८८

चि. विशाखास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

म्हणजे रिकाम्या खोलीपासून तुमची अब्रू सांभाळत होते तर! आधी मला हसू आलं, मग इतकी चीड आली की पुढ्यातला चहा तसाच राहिला.

माझ्या शेजारच्या वच्छलाबाई इथल्या मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवतात. एकतीस तारखेच्या रविवारी लॅब उघडायचं त्यांनी कबूल केलंय. तुम्ही चौघी सकाळच्या एसटीने या. तुझ्या बापाला मी वेगळं कार्ड टाकलंय, तो नाही म्हणणार नाही.

डबा आणू नका. रागावलेल्या माणसाने उपाशी राहू नये, जेवण माझ्याकडे.

तुझी,
आत्या


भडगाव,
१६ फेब्रुवारी १९८८

ती. आत्यास,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

काल प्रॅक्टिकल झालं. आणि आत्या, मलाच आली ती चिठ्ठी! सर हळूच म्हणाले की बदलून घे, पेंडुलमचं कर. मी नाही म्हटलं. उसना दिवा, उसना प्रिझम. वच्छलाबाईंनी शिकवलं तसं स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून प्रिझम सावकाश फिरवत गेले. पिवळी रेघ सरकत सरकत एका जागी थबकली आणि उलटी फिरली. ती थबकते तिथलंच रीडिंग घ्यायचं. बाहेर बाकावर बसून उतरवताना मला हे कधी कळलंच नव्हतं. माझं उत्तर नीट आलं.

मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं जर्नल उघडलं. त्यातलं उत्तर आणि माझं उत्तर यांत चांगलाच फरक. प्रिझम बदलला की थोडं इकडेतिकडे व्हायचंच, पण त्यांनी जर्नलमधलं रीडिंग कसं घेतलंस ते सांग म्हटलं. सर माझ्याकडे बघत होते. विसरले म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मला इतका संताप आला की मी सगळं सांगून टाकलं. शाळेत प्रिझमच नाही, आम्हाला आत सोडत नव्हते, आत गेलेल्या मुलांनीही काही पाहिलेलं नाही. परीक्षकांनी सगळ्यांची जर्नलं मागवली. सगळ्यांत तेच उत्तर, अगदी अंश-मिनिटांसकट. त्यांनी ते लिहून घेतलं. मला मार्क दिले की कापले, कळायला मार्ग नाही.

आज दुपारी प्राचार्यांनी आबांना बोलावलंय. सकाळी आबांनी शर्टाची बटणं दोनदा चुकीची लावली. मला माझी भीती नाही आत्या, त्यांचीच वाटते.

मी चुकले असेन तर रागाव, पण पत्र लिहिणं सोडू नको.

तुझी,
विशाखा


भडगाव,
१६ फेब्रुवारी १९८८, संध्याकाळ

ती. अक्कास,
यादवचा जयभीम.

सभापतीसाहेबही येऊन बसले होते. प्राचार्यांनी तयार कागद पुढे केला. माझ्या मुलीने परीक्षकांना खोटी माहिती दिली, त्याबद्दल पालक म्हणून मी क्षमा मागतो, असं त्यात लिहिलेलं. सही केली तर विषय संपला, नाहीतर तिने खोटं जर्नल लिहिलं असं आम्ही बोर्डाला कळवू, असं म्हणाले. सभापतींनी मला विचारलं की तुझी बदली कधी झालेली नाही ना. मी काय समजायचं ते समजलो.

मी पेन हातात घेतलं होतं, तुझ्यापासून लपवत नाही. मग ‘खोटी माहिती’ हे शब्द पुन्हा वाचले. ती खोली माझ्या बायकोने डोळ्यांनी पाहिलेली. पोर खरं बोलली आणि बापाने लिहून द्यायचं की ती खोटारडी आहे? अक्का, माझे कान तापले. मी म्हणालो, साहेब, जर्नलखाली सही सरांची आहे. बोर्डाला कळवायचं तर तेही कळवा. बोलताना आवाज इतका चढला की बाहेर मुलं जमली. मी कागद तसाच टेबलावर ठेवला आणि उठलो.

आता बदली होईल, यावलकडे कुठेतरी टाकतील. विशाखाच्या मार्कांचं निकाल लागेल तेव्हा कळेल. मी सही केली नाही, हे तुला माझ्याच हाताने कळवायचं होतं म्हणून पोस्टात उभ्या उभ्या लिहितोय. विशाखाला अजून काही माहीत नाही. ती दारातच उभी असेल. आता घरी जातो आणि तिला सांगतो.

तुझा,
यादव